लिव्हरला सूज : सोनोग्राफीची ‘ग्रेड’ काय सांगते?

प्रश्न : वय ४८, मधुमेह आहे. सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ आलंय. रक्तातली यकृताची एन्झाइम्स : एसजीओटी ५०, एसजीपीटी ६४. प्लेटलेट २ लाख. दारू घेत नाही. सूज उतरवणारं औषध आहे का?

उत्तर : ग्रेड फक्त चरबी किती ते सांगते, सूज किंवा व्रण नाही. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की पोटाच्या चरबीतून फॅटी ॲसिड यकृतात येत राहतात. ही चरबी साठवण्यापलीकडे गेली की यकृताच्या पेशींना इजा होते, तिथल्या कुफर पेशी (यकृतातल्या संरक्षक पेशी) दाह पेटवतात आणि स्टेलेट नावाच्या पेशी कोलॅजन (व्रणाचे चिवट धागे) विणू लागतात. खरी भीती या कोलॅजनची, म्हणजे फायब्रोसिसची.

त्याचा अंदाज घरीच काढा. वय गुणिले एसजीओटी : २४००. प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ : २०० × ८ = १६००. भागाकार १.५. हा ‘फिब-४’ १.३ च्या वर असल्याने फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्या, तोही तीन तास उपाशीपोटी. जेवून गेलात तर आकडा उगाच वाढतो.

मध्यम ते तीव्र फायब्रोसिससाठी अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड हे औषध मंजूर झालं. भारतात फॅटी लिव्हरसाठी सारोग्लिटाझार या औषधाला मान्यता आहे. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाने सूज उतरते, पण वजन वाढतं आणि हार्ट फेल्युअर असेल तर ते चालत नाही. व्हिटॅमिन ई मनाने सुरू करू नका. त्याचा मुख्य पुरावा मधुमेह नसलेल्यांमधला आहे. ‘लिव्हर टॉनिक’वर पैसे घालवू नका. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर सूज बहुतेकदा ओसरते.