पट्टी कधी येते ते तुला ठाऊक आहे

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. म्युच्युअल फंड विकायला लागते ती एनआयएसएमची परीक्षा झाली, एआरएन म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक आला, जामसंड्यात गाळाही बघून ठेवलास आणि आता गिऱ्हाईक आणायचं कुठून, हा प्रश्न. पुण्याची कुठली तरी कंपनी लोकांची नावं आणि फोननंबर विकते, एका नावाला दीडशे रुपये. शिवाय रोज एक रील टाकायला सांगते. ‘काका, काय करू, डोकं चालत नाही,’ हे शेवटचं वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. वाईट वाटलं कारण तू मन लावून शिकलेली मुलगी आहेस. राग आला कारण घरात बागायतदार बाप असताना तू पुण्याला विचारायला गेलीस.

आधी त्या दीडशेचा हिशेब करू. एखाददुसरा अपवाद सोडला तर म्युच्युअल फंडातलं आगाऊ कमिशन सेबीने, म्हणजे बाजारावरच्या सरकारी नियामकाने, २०१८ साली बंद केलं. आता मिळतं ते ट्रेल, पैसा फंडात राहील तेवढ्या दिवसांचं. वर्षाला शेकडा पाऊण रुपया धर. कुणी महिना दोन हजारांची एसआयपी, म्हणजे दरमहाचा ठरलेला हप्ता, लावली तर पहिल्या वर्षात तिच्यातून तुला शंभर रुपयेसुद्धा सुटत नाहीत. विकत घेतलेल्या दहा नावांतलं एक जमलं म्हण: दीड हजार गेले, शंभर आले. हा धंदा माणूस दहा-पंधरा वर्षं टिकला तरच धंदा. ज्याला नाव विकत घेऊन गाठलंस तो कशाला टिकेल? उद्या त्याला दुसऱ्या कुणी तरी त्याच दीडशेत गाठलेलं असेल.

आता माझं एकच म्हणणं आहे, आणि तेच पत्रभर ऐकावं लागणार आहे. माणसाच्या हातात पैसा कधी येतो ते आधी शीक. ज्याचं ते तुला सांगता येत नाही, त्याच्या दारात जाऊ नकोस.

विजयदुर्गपासून मिठबावपर्यंतच्या बागायतदाराचं वर्ष कसं जातं ते मी तुला सांगायला हवं का? पावसात आंब्याच्या झाडाभोवती कल्टारची, म्हणजे मोहोर लवकर आणणाऱ्या औषधाची, आळी झाली की खर्चाचं खातं उघडतं. दिवाळीनंतर मोहोर दिसायला लागला की फवारण्या सुरू, तुडतुडा, भुरी, थ्रिप्स, एक संपत नाही तोवर दुसरी. राखणीला गुरखे. मग खोकी, पेंढा, गाडीभाडं. यातलं बरंचसं वाशीच्या दलालाच्या उचलीवर चालतं. एप्रिल-मेमध्ये पेट्या जातात, पट्ट्या, म्हणजे दलालाकडचे विक्रीचे हिशेब, येतात, पट्टीतून उचल वळती होते, आणि खरं काय शिल्लक राहिलं ते कळतं शेवटचा आंबा कॅनिंगला, रसाच्या कारखान्यात, गेल्यावर. म्हणजे मे संपता संपता. जूनचे पहिले दोन-तीन आठवडे, पाऊस धरायच्या आधीचे, एवढाच काळ त्याच्या डोक्यात आणि खिशात जागा असते.

आणि तू बोर्ड कधी लावणार? मार्चमध्ये, ‘टॅक्स वाचवा’ म्हणून. कारण पुण्याची कंपनी तसंच शिकवते. अगं, शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. ज्यांना आहे त्यांतले कितीतरी नव्या करप्रणालीत गेले, तिथे ८०सीची, म्हणजे गुंतवणुकीवरची, सूटच मिळत नाही. मार्चमध्ये बागायतदाराच्या खिशात औषधवाल्याचं बिल असतं. त्याला तू काय वाचवायला सांगणार आहेस?

एसआयपीचंही तेच. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे कापायचे, ही नोकरदाराची सोय. बागायतदाराच्या गळ्यात तीच मारलीस की डिसेंबरात खातं रिकामं, हप्ता परत, बँकेचा दंड. लागोपाठ तीन हप्ते चुकले की एसआयपी रद्द. मग तो वाडीभर सांगत सुटतो, म्युच्युअल फंडात पैसे गेले. आणि तो खोटंही बोलत नसतो, दंड कापला गेलेलाच असतो. फंडाचा काही दोष नाही, बाजाराचाही नाही. विकणाऱ्याला त्याचं वर्ष ठाऊक नव्हतं, एवढंच.

त्याच्याशी बोलायचं जूनमध्ये, आणि तेही पट्ट्या समोर ठेवून. पहिला प्रश्न: उचल फिटली का? फिटली नसेल तर आधी ती फेडू दे, फॉर्म पिशवीतच राहू दे. फिटली असेल तर येत्या हंगामाच्या फवारणीचे आणि मजुरीचे पैसे वेगळे काढायचे आणि लिक्विड फंडात ठेवायचे. लागतील तेव्हा काढता येतात, सहसा पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात. त्यातूनही उरलं आणि पाच-सात वर्षं लागणार नसेल तरच इक्विटीत, म्हणजे शेअरच्या फंडात, तेसुद्धा एसटीपीने, लिक्विड फंडातून थोडं थोडं वळवत. आता नीट ऐक. ज्याची फवारणी स्वतःच्या पैशाने झाली, त्याची पेटी कुठे पाठवायची हे तो ठरवतो. वाशीला पाठवेल, पुण्याला पाठवेल, परस्पर गिऱ्हाइकाला देईल. उचल घेतलेल्याला ही मुभा नसते, पेटी उचलवाल्याच्याच गाळ्यावर जाते, भाव काहीही असो. बारा टक्के मिळतील का पंधरा, यापेक्षा ही गोष्ट बागायतदाराला शंभरपट कळते. एका घरात हे एका वर्षी जमवून दाखवलंस की पुढच्या जूनमध्ये शेजारचा तुझ्या वडिलांना विचारेल, ‘तुझा चेडू काय करता रे?’ तीच तुझी जाहिरात.

याच्या उलट काय होतं तेही सांगतो. हायवेचं चौपदरीकरण झालं तेव्हा रस्त्यालगतच्या गावांत मोबदला आला. एका सत्तरीच्या गृहस्थांना बरीच मोठी रक्कम मिळाली, आयुष्यात एकदाच मिळणारी. ज्या बँकेत ती जमा झाली तिथला माणूस पेढे घेऊन घरी आला आणि पाच लाख ‘एफडीसारखे’ गुंतवून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा पाच लाखांची नोटीस. ती दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती. बाँड माझ्यासमोर ठेवला त्यांनी. सही त्यांची होती, पण वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात भरलेला आकडा वाचून त्यांनाच हसू आलं. ‘एवढं असतं तर जमीन कशाला दिली असती?’ फ्री-लूकची, म्हणजे पॉलिसी परत करायची, मुदत केव्हाच उलटली होती. विमा लोकपालाकडे तक्रार मी लिहून दिली, पण सही केलेल्या माणसाची बाजू मांडणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. पैसा येणार एकदाच, आणि विकली ती दरवर्षी पैसे मागणारी वस्तू. आजही त्या गावात आपल्या धंद्यातल्या कुणाला कोणी पाणी विचारत नाही. तो माणूस बदली होऊन गेला. आपण इथेच राहणार आहोत, बाय.

तू म्हणशील, काका सगळं आंब्याचंच सांगतात. मी तर आंब्यातला नव्हेच. मी रत्नागिरीत मिरकरवाड्याचे बोटवाले आणि मर्चंट नेव्हीची घरं, एवढ्यावर जन्म काढला. त्यांचं वर्ष वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बागायतदाराच्या हाती पैसा खेळतो त्याच जूनमध्ये बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, इंजिनाचं काम निघतं, जाळी दुरुस्तीला येतात, पुढे डिझेल आणि बर्फाची तजवीज. बोटमालक तेव्हा मोकळा असतो, गप्पा मारतो, चहा पाजतो, पण खिसा रिकामा. नवीन पोरं त्या चहाला भुलतात. मर्चंट नेव्हीत बोटीवर जाणाऱ्याचं तिसरंच: करार आहे तोवर डॉलरमध्ये पगार, घरी आला की पुढच्या बोलावण्यापर्यंत बहुतेकांना काही नाही. कधी एनआरआय, कधी नाही, त्याप्रमाणे खाती आणि केवायसी बदलायची. हे शिकायला मला वर्षं लागली. तुला आंब्याचं फुकट मिळालंय.

माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या एकाचं आज पुण्यात काचेचं ऑफिस आहे. लोक म्हणतात, तू बंदराच्या बाहेर पडला नाहीस. नाही पडलो. कोल्हापूरचे एक डॉक्टर स्वतः चालून आले होते, मी नाही म्हटलं. डॉक्टरचं वर्ष कसं जातं ते मला ठाऊक नव्हतं आणि शिकायला वेळ नव्हता. मुलीच्या कॉलेजचे दिवस होते, बायकोने बरेच दिवस धड बोलणं टाकलं. मला आजही ते बरोबर वाटतं. म्हणजे बहुतेक वेळा वाटतं. मिरकरवाड्यात मध्यरात्री कुणाच्या घरी काही झालं तर पहाटे मला फोन येतो, काचेच्या ऑफिसात येत नसावा. पण हे मी कुणाला पटवतोय, तुला की बायकोला, ते जाऊ दे. तीच मुलगी आता ॲपवरून डायरेक्ट प्लॅन घेते, कमिशन वाचतं म्हणते. हिशेब बरोबर आहे तिचा. डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहेत, ज्याला स्वतःचं स्वतः जमतं त्याने तेच घ्यावेत, त्याच्या मागे लागू नकोस. तुझं गिऱ्हाईक तो, ज्याला पट्टीवरची हमाली-तोलाई तोंडपाठ आहे आणि फोलिओचं, म्हणजे फंडातल्या खात्याचं, स्टेटमेंट उघडायची भीती वाटते.

रील नकोच असं माझं म्हणणं नाही. तुझ्या वयाला शोभेल ते कर. पण रोज कशाला? तुझे वडील पुण्याच्या ठरलेल्या घरांना पेट्या पाठवतात, ते रोज फोन करतात का? मार्चअखेर एकदा करतात, आंबा तयार झाल्यावर. तूही मेच्या अखेरीला एकच रील कर, मालवणीत, बागेत उभी राहून: कॅनिंगचे पैसे आले, फवारणीपर्यंत ते ठेवायचे कुठे? अमुक टक्के मिळतील असला शब्द तोंडातून काढायचा नाही, बाजाराच्या जोखमीची सूचना खाली द्यायची. दुसरा एखादा कर कल्टारच्या दिवसांत. पुरे झालं. त्या दोन दिवसांत काय बोलायचं ते बाकीचे दिवस लोकांच्या पडवीत बसून शिकायचं असतं.

व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवलास, त्यावर ‘वेल्थ अ‍ॅडव्हायझर’ छापलंय. ते काढ. तू सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदलेली नाहीस, वितरक आहेस. ‘एएमएफआय-नोंदणीकृत म्युच्युअल फंड वितरक’ आणि खाली एआरएन, एवढंच बोर्डावर आणि कार्डावर. आणि विम्याची एजन्सी घ्यायचं म्हणतेस तर आधीच सांगतो: ‘पहिला हप्ता मी भरतो’ हे आपल्याकडे सर्रास चालतं. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार त्याला मनाई आहे, दंड दहा लाखांपर्यंत. शिवाय ज्याचा पहिला हप्ता तू भरलास, त्याच्या हातात पैसा कधी येतो हे तू विचारलंच नाहीस, हे तिथेच सिद्ध झालं.

गणपतीत काय करू, असं विचारलंयस. मुंबईचे चाकरमानी घरी असतात, सगळे भाऊ एका छपराखाली, म्हणून तुला ती संधी वाटते. पिशवी घरी ठेव. दर्शन घे, आरतीला थांब, उसळ खा आणि परत ये. फार तर घरातली म्हातारी स्वतःहून म्हणाली की ‘बाय, ह्या कागदाचा काय ता बघ’, तर बघ. तेव्हा दिसेल, सातबाऱ्यावर वीस नावं आणि फोलिओवर नॉमिनीचा रकाना कोरा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे हे तेवढं समजावून सांग. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, ते कोणाचे हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. बाकी बोलणं जूनमध्ये.

आता करायचं काय. गाळ्याचं डिपॉझिट भरू नकोस, सध्या तुला टेबलाची गरज नाही. वडिलांकडून गेल्या तीन वर्षांच्या पट्ट्या मागून घे आणि वहीत मांड: कोणत्या तारखेला किती पेट्या, काय भाव, किती वळते, हातात किती. औषधाच्या दुकानाची बिलं शेजारी लाव. मग तेच दोन चुलत्यांचं आणि एका शेजाऱ्याचं. ते देणार नाहीत सहजी, हिशेब दाखवायला बागायतदार लाजतो. तुझ्या वडिलांनी आधी दाखवला म्हटलंस तर दाखवतील. ही वही होईपर्यंत कुणाला फंडाचं नावही सांगू नकोस.

पुढच्या महिन्यात मी देवगडला येतोय. माझ्या एका बोटीवरच्या गिऱ्हाइकाची सासुरवाडी तिथे आहे, तो गेला, त्याच्या बायकोच्या नावावर फंडाचे युनिट करून द्यायचे आहेत. मृत्यूचा दाखला एका स्पेलिंगने, पॅनकार्ड दुसऱ्या, बँकेचं पासबुक तिसऱ्याच. दोन-तीन तास जातील. यायचं तर चल बरोबर, पण बोलायचं नाही, मी काय विचारतो आणि कधी गप्प बसतो तेवढं बघायचं. येताना वही घेऊन ये.

तुझा,
काका