दंडाची नोटीस लावण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

कुपवाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर झालीस, फार आनंद झाला. पण उशिरा येणाऱ्याला दंड आणि सर्वांत जास्त नग काढणाऱ्याला बक्षीस, हा तुझा बेत वाचून लगेच लिहायला बसलो.

कायद्याने दंड त्या महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर जात नाही, आणि कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय लावता येत नाही. कायद्यात बसवलास तरी तो उलटू शकतो. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. 2000 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. उशीर वाढला, आणि दंड बंद केल्यावरही कमी झाला नाही. बाई ताटकळत बसल्यात ही बोचणी पैसे भरून संपली, असं मला वाटतं. तुझा ऑपरेटर तर दंड भरण्यापेक्षा सरळ खाडा करेल.

बिघडलेल्या जॉबवर, म्हणजे मशीनवर घडवायच्या नगावर, दंड मुळीच नको. बोअर, म्हणजे त्यातलं भोक, जरा मोठा झाला की घाबरलेला माणूस तो जॉब चांगल्या मालात सरकवतो. गिऱ्हाइकाकडून तक्रार येईपर्यंत त्याच सेटिंगवर अख्खा लॉट निघालेला असतो. जो स्वतःहून येऊन "मॅडम, टूल गेलंय, बघा" म्हणेल, त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दे. त्याच दिवशी दे, महिनाअखेरीला नको.

बक्षिसाचंही तसंच. जुन्या, हाताने चालवायच्या लेथवरचा माणूस संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवाल्याला नगांत कसा गाठणार? आणि नव्या पोराला शिकवणारा कारागीर शिकवणं सोडेल, कारण त्यात त्याचे नग कमी भरतात. द्यायचंच तर अख्ख्या शिफ्टला दे. दिवाळीचा बोनस मात्र बक्षीस म्हणून मिरवू नकोस. पात्र कामगाराला किमान 8.33 टक्के बोनस हा त्याचा हक्क आहे.

आपल्याच सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. तुरुंगवास भोगून आलेल्यांना त्यांनी तिथे रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. एवढा विश्वास टाकल्यावर माणूस कसा वागतो, याचा विचार कर.

पिऊन मशीनवर उभा राहणाऱ्याची मात्र गय करू नकोस, तिथे हाताची बोटं जातात.

नोटीस लावण्याआधी उशिरा येणाऱ्या एकेकाशी वेगळं बोल. मिरजेहून येणाऱ्यांची बस कितीला सुटते, तेही विचार. शिफ्टची वेळ पंधरा मिनिटं सरकवून भागत असेल तर मालकांशी बोलताना मी तुझ्यासोबत येईन.

तुझा,
काका