बटण दाबलं मी, फोटो कुणाचा?

प्रश्न : ताई, पैसे भरून एका लपणात (पक्ष्यांना न दिसता फोटो काढायच्या आडोशात) बसलो आणि खंड्याचा पाण्यात सूर मारतानाचा फोटो मिळाला. फांदी लपणवाल्यानं लावलेली, फोकस कुठे धरायचा ते त्यानंच सांगितलं, शटर स्पीडही त्याचाच. स्पर्धेला पाठवायचं म्हटलं तर मित्र म्हणतो, "तू नुसतं बोट दाबलंस, फोटो त्याचा." खरं काय?

उत्तर : कायद्यानं विचाराल तर हक्क सहसा फोटो घेणाऱ्याकडे जातो, म्हणजे तुमच्याकडे. पण मित्राला कायदा विचारायचा नाहीये, हे तुम्हालाही कळतंय.

मीही असाच एक खंड्या टिपला होता. लपणवाला कानाशी कुजबुजला, "दोन मिनिटांत येईल, बोट तयार ठेवा," आणि आला की तो! मी हरखून गेले. फोटो एका मासिकाला दिला, खाली ओळ लिहिली 'ओढ्याकाठची एक सकाळ'. पुढे काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाचा तरी खंड्या छापून आलेला पाहिला. पक्षी वेगळा होता, फांदी मात्र तीच. डाव्या टोकाला तीच उभी चीर, तिच्याखाली रुपयाएवढा शेवाळाचा ठिपका. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फांदी खालून पकडीत आवळलेली होती आणि तिच्या बरोबर खाली, पाण्यात बुडवलेल्या काचेच्या टाकीत मासे होते. खंड्या दुसरीकडे जाणारच कशाला? माझ्या ओळीतली सकाळ तेवढी खरी होती.

ॲलन मॅकफेडियन या स्कॉटिश छायाचित्रकाराचा खंड्या २०१५मध्ये गाजला. चोच पाण्याला नुकतीच टेकते आहे, एक थेंबही उडालेला नाही. त्यासाठी सहा वर्षं, ४,२०० तास आणि सुमारे ७ लाख २० हजार फोटो खर्ची पडले, असं त्यानं सांगितलं. जागाही त्यानं स्वतः घडवली होती. तेव्हा फांदी लावणं हा गुन्हा नव्हे. कुणी लावली, कशासाठी लावली, आणि ते तुम्ही सांगता की लपवता, एवढंच मी बघते.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २००९ साली कुंपणाच्या फाटकावरून झेप घेणारा लांडगा पहिला आला. कल्पना झकास, प्रकाशयोजना अचूक. जानेवारी २०१०मध्ये बक्षीस काढून घेतलं, कारण तो लांडगा बहुधा माणसाळलेला आहे, असं परीक्षकांचं मत पडलं. छायाचित्रकारानं ते नाकारलं. पण बघा, कारागिरीबद्दल तिथे कुणाला शंका नव्हती. भांडण 'वन्य' या एका शब्दावरून होतं.

तर तुमचा फोटो तुमचाच. पण खाली लिहा : भाड्याचं लपण, लावलेली फांदी. तुमच्या फांदीखालीही माशांची टाकी होती का आणि मासे जिवंत होते का, हे लपणवाल्याला फोन करून विचारून घ्या. मोठ्या स्पर्धांत जिवंत आमिष चालत नाही आणि मग तुमचा-त्याचा वादच उरत नाही.

प्रश्न : मी कॅमेरा ट्रॅप लावतो, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा. अडीच महिन्यांनी बिबट्या मिळाला. मी तेव्हा तिथं नव्हतो. बॅटऱ्या आणि कार्ड बदलायला माझा मदतनीस जात असे. आता तो म्हणतो, फोटोखाली माझंही नाव हवं. बटण तर बिबट्यानंच दाबलं. मग नाव कुणाकुणाचं घालू?

उत्तर : बिबट्याचं नको! त्या प्रश्नावर एक खटला होऊन गेलाय. डेव्हिड स्लेटर या ब्रिटिश छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर इंडोनेशियातल्या एका मकाक माकडानं स्वतःचे दात विचकलेले फोटो काढले. हक्क कुणाचा यावर गदारोळ झाला. प्राण्यानं काढलेल्या फोटोची नोंद करणार नाही, असं अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं २०१४मध्ये स्पष्ट केलं. २०१५मध्ये एका प्राणिहक्क संघटनेनं माकडाच्या वतीनं दावा लावला आणि २०१८मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की, या कायद्याखाली माकडाला दावा लावता येत नाही. गंमत म्हणजे कॅमेरा आपणच मांडला होता, असं म्हणणाऱ्या स्लेटरच्या पदरात यातून मनस्तापाशिवाय फारसं काही पडलं नाही.

कॅमेरा ट्रॅपचं तसं नाही. जॉर्ज शिरास या अमेरिकन छायाचित्रकारानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वाटेवर आडवी दोरी ताणून हरणांकडूनच रात्री त्यांचे फोटो काढवून घेतले. स्टीव्ह विंटर या छायाचित्रकारानं टेकडीवरच्या 'हॉलिवूड' या मोठ्या अक्षरांखालून जाणारा प्यूमा, म्हणजे एक मोठं रानमांजर, टिपला, त्यासाठी पंधरा महिने कॅमेरा मांडून ठेवला. शटर उडालं तेव्हा दोघांचंही बोट त्यावर नव्हतं. पण प्राणी कुठून येणार, पाऊल कुठे पडणार, उजेड कुठल्या बाजूनं हवा, हे आधी ठरलेलं होतं. फोटो तिथेच झाला, उरलेली वाट बघणं होतं.

म्हणून तुमच्या मदतनीसाबद्दल माझा एकच सवाल. कॅमेरा त्या जागी लावायचं कुणी ठरवलं? तो नुसता बॅटऱ्या बदलत असेल तर मजुरी चोख द्या, आभारात नाव घाला. पण "इथं नको साहेब, त्या दगडाला वळसा घालून जातो तो, तिकडं लावा," असं तो म्हणाला असेल आणि तुम्ही कॅमेरा हलवला असेल, तर चौकट अर्धी त्याची. नाव फोटोखाली, तुमच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात. आमच्या धंद्यात हे फार कमी जण करतात. माग काढणारे, वाटा दाखवणारे हात 'स्थानिक सहकार्य' या दोन शब्दांत गुंडाळले जातात. मीही गुंडाळलेत.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. धबधब्याच्या तोंडाशी उभ्या अस्वलाच्या जबड्यात मासा उडी घेतो, असा प्रसिद्ध फोटो आहे. मला तसाच काढायचाय. ही चोरी होईल का?

उत्तर : नाही गं. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, आणि ते अस्वल तर कुणाच्याच मालकीचं नाही. पण तो फोटो कसा झाला ते ऐक. टॉम मँगेलसन या छायाचित्रकारानं १९८८मध्ये अलास्काच्या ब्रूक्स धबधब्यापाशी चौकट आधी मनात आखली, अस्वलाच्या डोक्यावर कॅमेरा रोखला आणि मासा दिसायची वाट न बघता फोटो घेत राहिला. रीळ धुऊन येईपर्यंत काय मिळालंय हे त्यालाच ठाऊक नव्हतं. आज तिथल्या लाकडी मंचावर कॅमेऱ्यांची रांग लागते आणि तसे फोटो ढिगानं निघतात. चोरी कुणाचीच नाही. तो फोटो आधीच पाहिलेला असल्यामुळे कॅमेरा कुठे रोखायचा हे सगळ्यांना माहीत असतं, इतकंच.

काढ, जरूर काढ. हात बसतो. मी बगळ्यांवर दुसऱ्याच्या चौकटी गिरवत दोन हंगाम काढलेत. फक्त तिथं गेलीस की एक दिवस धबधब्याकडे पाठ करून बस. मासा न मिळालेली अस्वलं कुठे जातात, काय करतात, ते बघ. त्याचा नमुना तुझ्या डोक्यात नसेल.

आणि मधे येणारं गवताचं पातं कॉम्प्युटरवर पुसायचा मोह होईल. स्वतःच्या भिंतीसाठी खुशाल पूस. स्पर्धेसाठी मूळ फाइल हात न लावता जपून ठेव, शेवटच्या फेरीत तीच मागतात.