आईनं नको म्हटलेला व्हिडिओ

पत्र मोठंय, म्हणून आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पोरगी शिरूर कासार तालुक्यातली, संभाजीनगरला हॉस्टेलवर राहून आर्टचं शिकते, सेकंड इयर. डिजिटल आर्ट आणि व्हिडिओ असे दोन प्रोजेक्ट, दोन्हीला विषय एकच, 'माझं घर'. तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि त्याला जोडून पाच डिजिटल चित्रं. हिचे आईबाबा ऊसतोडीला जातात, सध्या कोल्हापूरकडं आहेत, म्हणून ही संक्रांतीला फडावर गेली आणि मोबाईलवर शूट करून आली. सर खूश झाले, म्हणाले एकदम रिअल आहे, फेस्टिव्हलला पाठवू. हिनं आनंदात तो व्हिडिओ बाबांच्या व्हॉट्सॲपवर टाकला. आईनं बघितला आणि म्हणाली, "शर्टावर घेतलंस होय मला? हे कुणाला दाखवू नको." बाबा म्हणतात दाखव, मार्कांचा प्रश्न आहे. रूममेट म्हणते, आई कुठं बघायला येणारे. सर म्हणतात चेहरा ब्लर कर. सबमिशनला तीन आठवडे राहिलेत. आणि शेवटी विचारलंय, "मावशी, आईला माझ्या शिक्षणाचं काही वाटत नाही का, का मीच तिचे कष्ट विकायला निघालेय?"

पोरी, दोन्ही नाही. उत्तर आधी देऊन टाकते, मग बाकीचं बोलू. हा व्हिडिओ आहे तसा द्यायचा नाही. सरांना आवडला तरी नाही, बाबा हो म्हणाले तरी नाही. पण तुझा प्रोजेक्ट मेलेला नाहीये, उलट माझ्या मते आता कुठं सुरू झालाय.

आधी त्या शर्टाचं बघू. तू लिहिलंस की आईला एवढंसं कारण कसं पुरलं तेच कळत नाही. अगं, ते एवढंसं नाहीये. उसाचं पान हाताला लागलं की कापतं, म्हणून बाया साडीवर घरातल्या गड्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला फडकं गुंडाळतात, हे तू जन्मापासून बघितलंय म्हणून तुला त्यात काही दिसत नाही. पण तुझी आई गावात लग्नाला जाते तेव्हा कशी जाते आठव. केसांना तेल, पदर पिनेनं लावलेला, ठेवणीतलं पातळ. लोकांनी आपल्याला असं बघावं असं तिनं ठरवलेलं आहे. फडावरचा शर्ट हा कामाचा आहे, लोकांत मिरवायचा नाही. तू कॉलेजच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तिला त्या शर्टात उभी करणार आणि ती तिथं नसणार, मग तिनं काय म्हणावं?

अजून एक गोष्ट, तू लहान होतीस म्हणून तुझ्या ध्यानात नसेल. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या सगळीकडं गेल्या. बातमी खरी होती आणि यायलाच पाहिजे होती, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली ती त्यामुळंच. पण कॅमेरेवाले वस्तीवस्तीत जाऊन बायकांना विचारत होते, तुमची काढली का, कधी काढली, आणि ती बाई काय सांगणार होती चारचौघांत? तेव्हापासून फोन समोर धरला की तोंडावर पदर घेणाऱ्या बाया मी पाहिल्यात. तुझी आई त्यातली आहे का मला माहिती नाही, पण कॅमेरा बघून तिच्या डोक्यात काय येत असेल याचा तू विचार केलेला दिसत नाही, कारण कॅमेरा तुझ्या हातात होता.

तुझ्या पत्रात एक ओळ तू अशीच सहज लिहून गेलीस, मी तिच्यावर थांबले. हॉस्टेलमध्ये दोन वर्षं सगळ्यांना सांगितलंस, वडील शेती करतात. मी तुला नावं ठेवत नाहीये बरं का, ज्यानं त्यानं आपलं कधी आणि कुणाला सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. तू ठरवायला दोन वर्षं घेतलीस आणि आता तुझी हिंमत झाली, चांगलंय. पण आईला तू एक व्हॉट्सॲप मेसेजएवढा वेळ दिलास.

आणि बाबांच्या परवानगीचं म्हणशील तर, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, बाबांच्या नावावर, टोळी नेणारा मुकादम बोलणार बाबांशी, म्हणजे हिशोबात तुझी आई अर्धा कोयता. व्हिडिओच्या बाबतीत तरी तिचं मत पूर्ण धर.

ब्लरचं सरांनी सुचवलं ते चांगल्या मनानंच असेल, पण मला अजिबात पटत नाही. चेहरा ब्लर केलेला माणूस आपण कुठं बघतो? बातम्यांत, पकडलेला आरोपी. आईला तसं करून ठेवणार का? शिवाय गावातला माणूस चेहऱ्यावरून थोडीच ओळखतो, चालीवरून ओळखतो, आवाजावरून ओळखतो, बैलाच्या शिंगावरून सुद्धा ओळखतो की ही अमक्याची टायरगाडी. तू लिहिलंस की मागं टोळीतल्या दुसऱ्या बाया आणि दोन शाळेच्या वयाची लेकरं दिसतात, त्यांना तर कुणीच विचारलेलं नाही. आणि उद्या व्हिडिओ फिरत फिरत मुकादमापर्यंत गेला तर तो तुझ्या सरांना फोन करणार नाही, तुझ्या बाबांना करेल. फिटायची उचल अजून बाकी असताना कोण ते ओढवून घेईल?

आता करायचं काय. आईला फोन कर, पण दुपारी नको, तेव्हा फडात असते, आणि गाडी भरायची असली की रात्रीचाही भरवसा नसतो, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. बाबांना विचारून ठेव गाडी कधी आहे. आणि फोनवर 'दाखवू का नको' असं विचारू नकोस, त्याचं उत्तर आलेलं आहे. विचार, आई तुला यातलं काय काय आवडलं नाही? तीन मिनिटांत पंधरा-वीस तरी शॉट असतील, एकेक सांग आणि ऐक. कदाचित फक्त शर्टाचे नको असतील, कदाचित डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवरून ट्रकात चढते तो तुझा आवडता शॉट नको असेल, आणि चुलीपुढचा चालत असेल. कदाचित सगळेच नको असतील. तसं असलं तर मनवत बसू नको, रडून तर मुळीच मागू नको. आया रडण्यापुढं हो म्हणतात आणि तो होकार काही कामाचा नसतो.

ती सगळ्याला नाही म्हणाली असं धरूनच पुढचं सांगते, म्हणजे तुझी सोय झालेली असेल. तुझ्या हातात चित्र आहे ना, मग व्हिडिओतली आई चित्रात काढ. शूट केलेल्या फ्रेमवर नवीन लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घेऊन वरून रेघ ओढायची, याला रोटोस्कोपिंग म्हणतात, मॅक्स फ्लायशर नावाच्या माणसानं अमेरिकेत 1917 ला त्याचं पेटंट मिळवलं होतं, म्हणजे शंभर वर्षांहून जुनी युक्ती आहे. तुझे सर ओळखतील. पूर्ण तीन मिनिटांचं करायला जाऊ नकोस, वेडी होशील. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 4320 चित्रं होतात. सेकंदाला 8 चित्रं पुरे, हालचाल जरा थरथरती दिसते पण हातानं काढलंय हे कळतं आणि मला तर तेच आवडतं. फक्त 20 सेकंद कर, म्हणजे 160 चित्रं. एकाला दहा मिनिटं धर, साधारण 27 तास, तीन आठवड्यांत रोज सव्वा-दीड तास. होतंय. आणि तोडणीचं काम तर फिरून फिरून तेच असतं, ऊस धरला, बुडात घाव, पाचट सोललं, शेंडा उडवला, टाकला, परत पुढचा. ती एक फेरी नीट काढलीस की लूपवर टाकता येते, चित्रं अजून कमी लागतील. त्यात शर्ट काढायचा का पदर काढायचा, चेहरा काढायचा का नुसती दंडापासून कोयत्यापर्यंतची रेघ, हे आईला विचारून ठरव. चित्र केलं म्हणजे विचारायची गरज संपली असं नाही हं, पहिले दहा सेकंद झाले की तिला पाठव.

बाकीच्या अडीच-पावणेतीन मिनिटांत माणूस नकोच. वस्तू घे. तू पत्रात लिहिलंस की कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, ताडपत्रीला आतून पिशव्या अडकवलेल्या असतात, एकीत गोळ्या, एकीत आरसा-कंगवा, एकीत तुझा दहावीचा फोटो. अगं हे तू तीन पानांत एका ओळीत उरकलंस आणि चुलीच्या धुरावर अर्धं पान लिहिलंस! चुलीचा धूर सगळेच घेतात. त्या पिशव्या कुणी घेतलेल्या नाहीत. मोळीखाली डोक्यावर ठेवायची चुंभळ, धार लावायचा दगड, घासून घासून अर्धा झालेला कोयता, पाण्याचा कॅन, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंड्या, एकेक वस्तू सहा-सात सेकंद, मोबाईल हलू न देता. जे आधीच शूट केलेल्या क्लिपांत आहे ते वापर, जे नाही त्याचे बाबांकडून फोटो मागव.

पाच चित्रांचंही यातूनच निघेल. अजिंठ्याला 17 नंबरच्या लेण्यात बघितलं असशील, एकाच भिंतीवर तोच राजपुत्र चार ठिकाणी दिसतो, मध्ये चौकट नाही काही नाही, तरी गोष्ट पुढं सरकते. तसा तुझा कोयता पाच चित्रांतून जाऊ दे, गावातल्या घराच्या खुंटीवरून निघून कोपीपर्यंत आणि परत. बघितलं नसलंस तर एसटीनं जाऊन ये, फक्त सोमवारी जाऊ नको, बंद असतं.

आवाजाकडं मात्र लक्ष दे, तुम्ही पोरं व्हिडिओ म्हटलं की नुसतं दिसण्याच्या मागं लागता. कोयत्याचा घाव, पाचटाची सळसळ, बैलाच्या गळ्यातली घंटी, यानं अर्धं काम होतं. बाबांना सांग, फोन बांधावर ठेवून एक मिनिट रेकॉर्डिंग करा आणि त्या मिनिटात कुणी बोलू नका (बोलतीलच, म्हणून तीन-चार वेळा मागव). पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, म्हणजे व्हॉट्सॲप त्याची क्वालिटी दाबत नाही. आणि ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी चालू असतात तो आवाज येऊ देऊ नको, व्हिडिओ कुठं टाकलास तर पहिला कॉपीराईटचा क्लेम त्याच्यावरच येईल.

रूममेट म्हणते एआयच्या ॲपला फोटो दे, दोन मिनिटांत कार्टून करून देईल. देईल ना. पण ज्या बाईनं कुणाला दाखवू नको म्हटलंय तिचे फोटो तू कुठल्या कुठं कुणाच्या सर्व्हरवर चढवणार, ते दाखवणंच झालं की. आणि वर ते ॲप तुला नाकात नथ घातलेली, गोरीपान, हसरी 'गावाकडची बाई' काढून देईल, ती तुझी आई नसेलच.

सरांना एका वाक्यात सांग, "सर, आईची परवानगी नाही म्हणून मी व्हिडिओ बदलतेय, नवीन प्लॅन हा आहे." सोबत दोन स्केचेस घेऊन जा, नुसती तक्रार घेऊन गेलीस तर ते जुनाच दे म्हणतील. फेस्टिव्हलचा विषय काढला तर सांग की तिथं व्हिडिओत दिसणाऱ्या माणसाची लेखी परवानगी मागू शकतात, ती माझ्याकडं नाही. आणि ते शेतीवाल्या गोष्टीचं, प्रोजेक्ट दाखवताना मैत्रिणींना कळणारच आहे, तर पडद्यावर कळायच्या आधी एकीदोघींना खोलीत बसून सांगून टाक. जुना व्हिडिओ डिलीट करायचा का असं विचारलंस, तर नाही, पेनड्राईव्हवर ठेव, पण ज्याला ज्याला पाठवलायस त्याला काढायला सांग, सरांना सुद्धा.

आता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, पेन टॅब्लेट हप्त्यावर घेऊ का. नको घेऊ. घरात आधीच एक उचल चालू आहे, तू दुसरी घेऊ नकोस. मोबाईलवर आयबिस पेंट नावाचं चित्रांचं ॲप फुकट चालतं, त्यात स्टॅबिलायझर वाढवला की बोटानं सुद्धा रेघ सरळ येते, शंभर-दोनशेचा स्टायलस पुरे. फक्त पाच चित्रं प्रिंटसाठी आहेत, ए-फोरला 300 डीपीआय म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल, तुझ्या 4 जीबीच्या फोनवर त्याला लेयर कमी मिळतील, म्हणून ती लॅबमध्ये क्रिटा नावाच्या सॉफ्टवेअरवर कर, तेही फुकट आहे, आणि त्यात व्हिडिओ फ्रेम-फ्रेमनं आत घेता येतो म्हणजे रोटोस्कोपची सुरुवातही तिथंच होईल. लॅबमध्ये दोनच टॅब्लेट आणि कायम कुणीतरी बसलेलं म्हणतेस, तर सकाळी लॅब उघडायच्या वेळेला दाराशी जाऊन थांब. ऊसतोडीवाल्याची लेक आहेस, पहाटे उठणं तुला कुणी शिकवायला नको.