विमानातला तिळगूळ: तुझ्या प्रश्नाबद्दल

सोन्या,

मुंबईहून परतताना मी विमानातल्या त्या एअरहोस्टेस ताईच्या हातात तिळगुळाचं पाकीट ठेवलं, तेव्हा तू काही बोलला नाहीस. घरी येऊन बॅगा उघडताना विचारलंस, "आई, तिला पगार मिळतो ना? मग आपल्याला जास्त चांगलं वागवावं म्हणून दिलंस का?" मी "अरे, संक्रांत होती" म्हणून विषय संपवला. पण प्रश्न लागला मला. पगाराचं ठीक आहे. दुसरं वाक्य लागलं.

आमच्या पार्ल्याच्या घरी संक्रांतीला आजी तिळगुळाचा छोटा स्टीलचा डबा पर्समध्ये टाकूनच बाहेर पडायची. पोस्टमन, भाजीवाली, मीटर बघायला आलेला माणूस, जो समोर येईल त्याला वडी. बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर आला की सुट्ट्या पैशांबरोबर त्याच्या तळहातावर वडी ठेवायची आणि भर गर्दीत मोठ्यानं म्हणायची, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मी तुझ्याएवढी होते. लाज वाटायची, खिडकीबाहेर बघत बसायचे. एकदा एका कंडक्टरनं वडी तोंडात टाकली, पंच टिकटिकवला आणि संपलेल्या तिकिटांच्या गड्डीचे उरलेले तुकडे मला दिले. बसबस खेळायला आम्हाला तेच तर हवे असायचे! किती तरी दिवस मी घरातल्या सगळ्यांना तिकिटं फाडून देत होते. नानाआजोबांना तर संडासात जायचंही तिकीट काढावं लागलं.

आता खरं सांगायचं तर गॅसवाल्यालाही वडी मिळायची, आणि तेव्हा सिलेंडरसाठी नंबर लावून ताटकळावं लागायचं. आजीच्या मनात तिथे थोडा हिशेब असेलही. नव्हताच असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण बसचा कंडक्टर पुन्हा कधी भेटणार होता?

समोरच्या बिल्डिंगमधल्या विमानवाल्या मावशी तुला गोष्टींमधून माहीत आहेत. विमानतळ जवळ, त्यामुळे त्यांची गाडी त्यांना पहाटे कधीही सोडून जायची. खिडकीत दिवा दिसला की आजी मला मेतकूट-भाताचा डबा घेऊन पिटाळायची. त्या साडी न बदलता, पाय वर घेऊन तो गरम भात खायच्या आणि सांगायच्या की आख्ख्या प्रवासात लोक बेल दाबतात, पाणी मागतात, पण तोंडाकडे बघत नाहीत. एका म्हातारीनं पदराच्या गाठीतून बेसनाचा लाडू काढून दिला, तो त्यांनी कितीदा सांगितला असेल. खाल्ला मात्र नव्हता. अनोळखी माणसानं दिलेलं उघडं खाणं विमानात खायचं नसतं, म्हणाल्या. म्हणून मी आजीच्या हातच्या वड्या न देता दादरहून आणलेलं सीलबंद पाकीट दिलं. आजीला वाईट वाटेल, तिला सांगू नकोस.

मी पहिल्यांदा विमानात बसले ते इंडियन एअरलाइन्सच्या. तेव्हा उड्डाणाआधी गोळ्यांचा ट्रे फिरायचा. गोळी चघळली की आपण आवंढे गिळतो आणि कानाचे दडे सुटतात, म्हणून. मी शहाण्यासारखी एकच उचलली, तर त्या बाईंनी मूठभर माझ्या फ्रॉकच्या खिशात कोंबल्या.

आणि तू सात महिन्यांचा असताना मी तुला घेऊन एकटीच आले होते. बाबा आधीच इकडे आले होते. तू विमान उडाल्यापासून रडत होतास. एक पन्नाशीची गोरी बाई आली, काही न विचारता तुला माझ्या मांडीवरून उचललं आणि म्हणाली, आधी जेवून घे. पडद्यामागे ती तुला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती आणि मी गरम जेवत होते. उतरताना पर्समध्ये तिला देण्यासारखं काहीच नव्हतं. थँक यू म्हटलं, तेही धड नाही. त्यानंतर प्रवासाला निघताना पर्समध्ये काहीतरी असतंच.

पगाराचंही सांगते, कारण मी ते शोधून वाचलं. इथल्या, अमेरिकेतल्या, बऱ्याच विमान कंपन्यांमध्ये या लोकांचा तासाचा पगार विमानाची दारं बंद झाल्यावर सुरू व्हायचा. म्हणजे आपण आत शिरतो, बॅगा वर चढत नाहीत, सीटवरून भांडणं होतात, तो सगळा वेळ त्या दरात धरला जायचाच नाही. डेल्टानं 2022 मध्ये त्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेही निम्म्या दरानं. तेव्हा पगार मिळतो हे तुझं बरोबर, पण सगळ्याचा नाही. पाकिटाची एक वडी त्याची भरपाई करत नाही, हेही मला कळतं.

तुझा संशय अगदी बिनबुडाचा नाही. नंतर तिनं तुला दुसरा ज्यूस न मागता आणून दिला, ते तू पाहिलंस. मलाही तेव्हा बरं वाटलं. पाकीट नसतं दिलं तर आणला असता का? असेलही. म्हणूनच मला वाटतं, पुढच्या वेळी उतरताना द्यावं. पण उतरताना सगळे घाईत, मागे रांग, आणि तिच्या हातात पाकीट देऊन पळाल्यासारखं होतं. विमानात चढताना निदान नाव वाचता येतं, दोन शब्द बोलता येतात. तिचं गाव विचारलं तर सातारा निघालं, आठवतं?

तू असंच करावंस असं नाही. तुला अवघडल्यासारखं होत असेल तर नको. विमानवाल्या मावशी म्हणायच्या, प्रवाशानं नाव, तारीख आणि फ्लाइट नंबर घालून कंपनीला दोन चांगल्या ओळी लिहिल्या की त्या साहेबांपर्यंत पोचतात. ते तुला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. त्या ताईचं नाव मी बोर्डिंग पासच्या मागे लिहून ठेवलंय.

आजी कंडक्टरला वडी का द्यायची, हे मी तिला कधीच विचारलं नाही. रविवारी फोनवर तूच विचार. मराठीत अडलास तर इंग्रजीत विचार, तिला कळतं.

तुझी,
आई