बीईसीवरचे २ ॲम्पिअर आणि माझा अंगठा

३ सेलच्या लायपो बॅटरीवर ४ सर्व्होंचं रिमोटचं विमान, ईएससीतल्या बीईसीवर ‘५ व्होल्ट, २ ॲम्पिअर’ छापलंय, मग वेगळा रेग्युलेटर कशाला, असं तुम्ही विचारलंय. (ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर. बीईसी म्हणजे मोटरच्याच बॅटरीतून रिसीव्हर आणि सर्व्होंना कमी व्होल्ट देणारा रेग्युलेटर. रिसीव्हर रिमोटचा सिग्नल घेतो, सर्व्हो म्हणजे पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी.) आमच्या मैदानावरच्या एका ज्येष्ठांनी हेच मला ऐकवलं होतं. प्रश्न म्हणून नाही, निकाल म्हणून.

लूपमधून बाहेर येताना माझं विमान ऐकेनासं झालं. एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर उचलायची, स्टिक पूर्ण ओढलेली, विमान ढिम्म. नाकावर आपटलं. हे गृहस्थ चारचौघांत म्हणाले, “अंगठा चुकला तुमचा.” तेव्हा ईएससीला बोट टेकवत नव्हतं आणि रिसीव्हरचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे उडताना त्याचा पुरवठा तुटला होता. पण ते बघायला कोणी वाकलंच नाही.

घरी प्रॉप (पुढचा पंखा) काढून तोच ईएससी टेबलावर मांडला, बॅटरी फुल, रिसीव्हरच्या लाल वायरीत मीटर. चारही सर्व्हो सतत हलवले की दीडेक ॲम्पिअर. बीईसी लिनिअर होता, म्हणजे वरचे व्होल्ट तो नुसते जाळतो. १२.६ वजा ५, गुणिले दीड : ११.४ वॅट उष्णता, तीही प्लॅस्टिकच्या श्रिंक ट्यूबमध्ये कोंडलेल्या इवल्याशा चिप्सवर! थोड्या वेळाने रिसीव्हर विझला, चिप निवल्यावर परत लागला. हे बघायला त्यांना बोलावलं होतं. आले नाहीत. “मोठा कपॅसिटर लावा” असा निरोप आला. क्षणिक झटक्याला कपॅसिटर ठीक, तापलेल्या चिपला त्याचं काय?

तर वेगळा स्विचिंग बीईसी (जादा व्होल्ट जाळण्याऐवजी झटपट चालू-बंद करून कमी करणारा) घ्या, सलग ३ ॲम्पिअर तरी देणारा. पीकचा, म्हणजे क्षणभरच पेलणारा, आकडा वाचूच नका. ईएससीच्या थ्रॉटल केबलमधली लाल पिन काढून टेप लावा, नाहीतर दोन रेग्युलेटर एकमेकांशी भांडतील.

हां, तुमच्या ईएससीतला बीईसीच स्विचिंग असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. २ सेल आणि ९ ग्रॅमचे सर्व्हो असतील तर लिनिअरही बहुधा निभावतो. डिजिटल सर्व्हो असतील तर मात्र ॲम्पिअरचा हिशेब वाढवून धरा.

त्या गृहस्थांच्या विमानात हल्ली वेगळा बीईसी दिसतो. विचारलं तर म्हणतात, सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) जुळवायला ठेवलाय.