जुनी आरफोर आणि कीपॅड फोनातलं २ जीबीचं कार्ड

भाऊ, ती कार्ट्रिज फेकू नका आणि नवीनही मागवू नका. तुम्ही लिहिलंय की पेटीत मोठ्या भावाचा निन्टेन्डो डीएस लाइट, म्हणजे हातात धरून खेळायचा कन्सोल, सापडला, चार्ज केल्यावर सुरू झाला, आत आरफोर आहे, म्हणजे मायक्रोएसडी कार्डावरचे खेळ आणि प्रोग्रॅम डीएसवर चालवणारी कार्ट्रिज. तालुक्याहून १६ जीबीचं नवंकोरं मायक्रोएसडी आणून टाकलं, तर ‘_डीएस_मेनू.डॅट’ ही फाइल सापडत नाही असा इंग्रजी संदेश येतो. हा संदेश आरफोर स्वतः दाखवते. म्हणजे ती जिवंत आहे आणि कन्सोलशी तिचं बोलणं होतंय. अडलंय ते तिच्या पोटातल्या कार्डापाशी.

मूळ आरफोरला फक्त २ जीबीपर्यंतचं कार्ड वाचता येतं. २ जीबीपर्यंतच्या साध्या एसडी कार्डात जागेचा पत्ता एकेक बाइट मोजून सांगतात. त्यापेक्षा मोठी एसडीएचसी कार्डं २००६ मध्ये आली, त्यांत तोच पत्ता ५१२ बाइटांचा एकेक गठ्ठा धरून सांगतात. एकाने शेत पावलांनी मोजायचं आणि दुसऱ्याने साखळीने, अन् आकडा मात्र दोघांनी नुसता ‘शंभर’ म्हणून सांगायचा, तसं होतं ते. म्हणून १६ जीबीच्या कार्डावर २ जीबीचं पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, पाडूनही काम होत नाही. पार्टिशन लहान झालं तरी कार्डाची भाषा एसडीएचसीचीच राहते. मी स्वतः यात दोन रात्री घालवल्या आहेत, तुम्ही घालवू नका.

आधी कार्ट्रिजचं स्टिकर नीट वाचा. त्यावर एसडीएचसी असं छापलेलं असेल, तर ती मूळ आरफोर नसून नंतरची नक्कल आहे. तिला ३२ जीबीपर्यंतचं कार्ड चालायला हवं, पण कर्नल, म्हणजे कार्डात टाकायचा आणि आरफोर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, तिचाच लागतो. स्टिकरवर ज्या संकेतस्थळाचा पत्ता असेल, त्याच नावाचा. एकीचा कर्नल दुसरीत चालत नाही. अशा काही नकलांच्या कर्नलमध्ये ठरावीक तारखेनंतर बंद पडायची सोय करून ठेवलेली असते. तसं वाटलं तर कन्सोलची तारीख काही वर्षं मागे नेऊन पाहा.

आता २ जीबीचं कार्ड कुठून आणायचं? दुकानात विचाराल तर ३२ आणि ६४ जीबीचीच पुढे करतात. ऑनलाइन मिळतात त्यांत खोटी फार, वर एक आकडा आणि आत भलतंच. माझं उत्तर एकच: घरातले जुने कीपॅड फोन उघडा. आपल्याकडे प्रत्येक घरात एक तरी असतो, बाबांचा नाही तर काकांचा. बॅटरीखाली किंवा बाजूच्या खाचेत १ नाही तर २ जीबीचं कार्ड हमखास निघतं, कारण तेव्हा बसस्टँडजवळच्या दुकानातून गाणी भरून आणायची ती याच कार्डांत.

पण फॉरमॅट मारण्याआधी ते कार्ड पूर्ण पाहा. हे मी कळकळीने सांगतो. मी घाईत एक कार्ड फॉरमॅट केलं आणि त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, मामाने कधीतरी फोनवर रेकॉर्ड केलेल्या. आजी तेव्हा हयात नव्हती. फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने अकरापैकी सात परत मिळाल्या, बाकीच्या चार मी कर्नल कॉपी केला त्याखाली गेल्या. तेव्हापासून माझा नियम असा की अख्खं कार्ड आधी लॅपटॉपवर उतरवायचं, दोन फाइली वाजवून पाहायच्या, मगच फॉरमॅट.

फॉरमॅट करताना ‘फॅट’ निवडा, ‘फॅट३२’ नको, आणि अ‍ॅलोकेशन युनिट ३२ किलोबाइट ठेवा. एसडी असोसिएशनचा मोफत फॉरमॅटर वापरला तर २ जीबीच्या कार्डाला तो हे आपोआप करतो. मायक्रोएसडी ज्यात घालून लॅपटॉपला लावतो त्या अ‍ॅडॉप्टरच्या बाजूला लॉकची बारीक खिट्टी असते, ती खाली सरकलेली असेल तर कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, आणि माणूस कार्डालाच दोष देत बसतो.

कर्नल म्हणून मूळ आरफोरसाठी वूड आरफोर १.६२ घ्या, ती त्याची शेवटची आवृत्ती. झिप उघडल्यावर ‘_डीएस_मेनू.डॅट’ फाइल आणि ‘__आरपीजी’ फोल्डर दिसेल. ही दोन्ही कार्डाच्या अगदी वरच्या पातळीवर हवीत. झिपच्या नावाचं फोल्डर जसंच्या तसं उचलून टाकलं तर फाइल कार्डात असूनही आरफोरला सापडत नाही, आणि तुम्हाला आत्ता येतो तोच संदेश पुन्हा येतो.

डीएसच्या मेनूत वरच्या चौकटीत ‘कार्ड टाकलेलं नाही’ असं कधी आलं, तर मात्र दोष संपर्कांचा. आपल्याकडे यात एक भर पडते. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतो आपण, आणि त्याचे तंतू सगळीकडे जातात. माझ्या पहिल्या डीएसच्या खाचेत टॉर्च मारून पाहिलं तर पिनांच्या मधे पांढरी जाळी बसली होती, कोळ्याने विणल्यासारखी. सुईने काढायला जाऊ नका, पिना वाकतात. कोरड्या मऊ ब्रशने तंतू बाहेर ओढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीची वाफ पिनांवर बसते आणि पावसाळ्यात गंज धरतो. मग कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. ते मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतं, मागितलं तर झाकणभर देतो. घरातलं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर राहतो. खोडरबर घासायला बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही, सोन्याचा मुलामा आधीच पातळ असतो.

बॅटरीचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. मागचं झाकण एका साध्या स्क्रूवर आहे, आज संध्याकाळीच उघडून पाहा. इतकी वर्षं टिनाच्या खोलीतल्या पेटीत, आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पडलेली लिथियम बॅटरी फुगलेली असू शकते. सपाट असेल तर वापरा. जराही पोट आलेलं दिसलं तर चार्जिंगला लावू नका, पोट्ट्यांच्या हातीही देऊ नका. चार्जर नसेल तर डीएस लाइटची यूएसबी केबल मिळते. लोडशेडिंगमध्ये मी ती पॉवर बँकेला लावतो.

खेळांबद्दल. आरफोरच्या विक्रीला जपानमध्ये २००९ साली आणि ब्रिटनमध्ये २०१० साली न्यायालयांनी मनाई केली, कारण बहुतेक लोक तिच्यात चोरीचे खेळ भरत होते. मी कुणाला खेळांच्या फाइली देत नाही, मागूही नका. हौशी लोकांनी स्वतः लिहून मोफत दिलेले खेळ आणि प्रोग्रॅम भरपूर आहेत. मूनशेल नावाच्या प्रोग्रॅमवर एमपी३ गाणी वाजतात. कलर्स नावाचा चित्रं काढायचा प्रोग्रॅम तर माझ्या पुतणीने इतका वापरला की स्टायलसचं टोक झिजलं. खालच्या मोठ्या खाचेत जीबीएच्या, म्हणजे जुन्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या, अस्सल कार्ट्रिज थेट चालतात, पण आरफोरमधून जीबीएचे खेळ तसे थेट चालत नाहीत.

सेव्ह केलेला खेळ कार्डातच ‘.सॅव्ह’ फाइलीत राहतो. सेव्ह झाल्यावर चार-पाच सेकंद थांबूनच बटण बंद करा आणि महिन्यातून एकदा त्या फाइली लॅपटॉपवर उतरवून ठेवा. ही कार्डं पंधरा वर्षांची आहेत.

आता स्टिकरचा आणि जे कार्ड सापडेल त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो टाका. स्टिकरवर पत्ता असेल तर तो स्पष्ट दिसू द्या, त्यावरून कर्नल कोणता ते सांगतो.